नाटक लिहून झालंय, निर्माता मिळत नाही. स्वतःच उभं करावं का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगलीची. बँकेत नोकरी, लिहिणं रात्री. दोन अंकी नाटक लिहून पूर्ण झालंय. ऑगस्ट २०१९च्या पुरात गावभागातल्या एका वाड्याच्या माडीवर सासू आणि सून अडकल्यात, पाणी जिना चढतंय, आणि दोघींना एकमेकींशिवाय बोलायला कोणी नाही. तिसरं पात्र म्हणजे बोटीतून येणारा एक पोरगा, दुसऱ्या अंकात दहा मिनिटं.

दोन निर्मात्यांकडे पाठवलं. एकांनी बहुतेक वाचलंच नाही. दुसरे म्हणाले, सुनेच्या भूमिकेला मालिकेतला चेहरा मिळाला तर बघू, आणि जरा हलकंफुलकं करता येईल का? पुरात हलकंफुलकं! (सासूला मी बरेच विनोद दिलेत, पण त्यांना हवं होतं ते वेगळं.)

आता ठरवलंय, आपणच करायचं. हाताशी दीड लाख आहेत, नवऱ्याला माहीत असलेले. भावे नाट्यमंदिरात दणक्यात शुभारंभ, पेपरात जाहिरात, रंगमंचावर खराखुरा वाटेल असा वाडा. दिग्दर्शनही मीच करेन म्हणते, कारण नाटक मला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसतंय. पैसे कुठे जातात, कुठे वाचतात, परवानग्या कसल्या लागतात, अनुभवी लोकांनी सांगावं.

---

विंगेतली बाई

दीड लाखात शुभारंभ होईल. दुसरा प्रयोग होणार नाही.

घाबरवायला नाही सांगत. पुण्यात बरीच वर्षं मी हेच करते: स्वतः लिहायचं, स्वतः निर्मिती, आणि प्रयोगाच्या दिवशी दारात बसून तिकिटंही फाडायची. नवे लेखक विचारतात ते नेहमी 'नाटक उभं करायला किती लागतात?' असं. उभं करायला लागतात ते एकदाच. नाटक बंद पडतं ते दर प्रयोगाच्या खर्चाने.

कागद घ्या. समजा हॉल आणि लाइट मिळून सहा हजार, नटांच्या नाइट (दर प्रयोगाचं मानधन) मिळून तीन, गाडी-पेट्रोल चार, चहा-नाश्ता, पोस्टर, किरकोळ दोन. झाले पंधरा हजार. तिकीट दोनशे ठेवलं तर पंचाहत्तर माणसं आली की बरोबरी. हे जमतं. आता त्यात तुमचा वाडा घाला. सेटच्या भिंतींचे फ्लॅट आले म्हणजे टेम्पो आला. टेम्पो आला म्हणजे सेट लावणारी दोन माणसं आली, त्यांची जेवणं आली. सेट लावायला तीन तास, म्हणजे हॉल आदल्या सत्रापासून घ्यावा लागला. पंधराचे पंचवीस हजार सहज होतात, म्हणजे सव्वाशे माणसं हवीत. शंभर खुर्च्यांच्या हॉलमध्ये तुमचा हाउसफुल्ल प्रयोगही तोट्यात जाणार!

म्हणून आमच्याकडे एकच नियम: सगळं नाटक एका चारचाकीच्या डिकीत आणि कॅरिअरवर मावलं पाहिजे. तुमच्या नाटकाला तसंही काय लागतं? एक ट्रंक, एक खिडकीची चौकट, आणि जिन्याचं तोंड कुठे आहे हे प्रेक्षकाला कळेल अशी दोन फुटांची कठड्याची पट्टी. पाणी किती चढलं ते सुनेच्या नजरेतून कळू दे. प्लायवूडच्या वाड्यात पाणी चढताना दाखवायला गेलात तर लोक पाणी सोडून तुमची युक्ती बघत बसतील.

लाइटचं एक सांगते, कारण शाळेच्या हॉलमध्ये हमखास नडतं. हजार वॉटचे चार पार (रंगमंचाचे दिवे) एका १६ अँपिअरच्या सॉकेटवर टाकले की ऐन प्रसंगात अंधार होणार. भार वेगवेगळ्या लाइनींवर वाटा, नाहीतर एलईडी घ्या. मला स्वतःला एलईडीचा पिवळा आवडत नाही, माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात. पण फिरतीवर तेच बरे.

जागेबद्दल. भावे नाट्यमंदिराचं आकर्षण कळतं. सांगलीत विष्णुदासांच्या नावाच्या रंगमंचावर आपलं पहिलं नाटक, कोणाला नको वाटेल? पण मोठ्या नाट्यगृहात शंभर माणसं म्हणजे रिकाम्या खुर्च्या दिसतात, आणि नटांना त्या आधी दिसतात. तीच शंभर माणसं वाचनालयाच्या हॉलमध्ये दाटीवाटीने बसली की सासूचा प्रत्येक विनोद पोचतो. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार' नाट्यसंस्थेने सत्तरच्या दशकात हेच करून दाखवलं. नंतर लोक त्याला चळवळ म्हणाले, पण मुळात परवडणारी जागा हवी होती. सांगली-मिरजेत शाळा, महाविद्यालयं, ग्रंथालयं बघा. पुण्यात शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच आहे, 'द बॉक्स' आहे. नाटक बघायची सवय असलेला प्रेक्षक तिथे येतो. कोल्हापूरला केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४मध्ये जळालं तेव्हापासून तिथल्या नाटकवाल्यांना छोट्या जागांचा चांगला अभ्यास झालाय, त्यांनाच विचारा.

परवानगी: तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र हवं. संहिता पक्की झाली की लगेच पाठवा, हॉलवाले मागतात. १९७२मध्ये तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'साठी दिग्दर्शक कमलाकर सारंगांना याच सेन्सॉरविरुद्ध हायकोर्टापर्यंत जावं लागलं होतं. तुमच्या सासू-सुनेला तेवढा त्रास होऊ नये. जीएसटीची धास्ती नको, नाटकाचं तिकीट पाचशेपर्यंत असेल तर प्रवेशशुल्कावर तो लागत नाही.

आता दोन गोष्टी ज्या तुम्हाला आवडणार नाहीत.

एक, दिग्दर्शन दुसऱ्याला द्या. तालमीत नटी विचारते, 'मी इथे का उठते?' लेखक तिला सुनेच्या माहेरची सगळी कहाणी सांगत बसतो. दिग्दर्शक म्हणतो, 'खिडकीकडे जायचंय, आणि सासू वाटेत आहे.' नटीला दुसरं उत्तर लागतं. शिवाय तालीम चालू असताना हॉलच्या तारखा, पोस्टर, फोन हे कोण बघणार? निर्माती तुम्हीच आहात ना?

दोन, तो बोटीतला पोरगा. दहा मिनिटांसाठी एक माणूस दोन महिने तालमीला, दर प्रयोगाला प्रवास, नाइट, जेवण. त्याला खालून येणारा आवाज करा. पैशासाठी म्हणतेय, हे कबूल. पण मला वाटतं नाटकालाही ते मानवेल. माडीवर कोणीच चढलं नाही तर दोघी शेवटपर्यंत अडकलेल्याच राहतात.

आणि नाइट थोडी द्या, पण प्रयोग संपल्यावर मेकअप उतरायच्या आत पाकीट हातात पडू दे. 'पुढच्या वेळी एकदम देते' म्हणणाऱ्याकडे नट पुढच्या वेळी येत नाहीत, त्यांना नेमकी त्याच तारखेला शूटिंग निघतं. लेखक म्हणून स्वतःचं मानधनही हिशोबात लिहा, घेतलं नाहीत तरी. उद्या दुसरी संस्था नाटक मागेल तेव्हा आकडा सांगताना अडखळणार नाही.

---

जुना हौशी

बाईंचं सगळं पटलं, पण राज्य नाट्य स्पर्धा कशी विसरलात? १९५४पासून चालू आहे. नोंदणीकृत संस्थेमार्फत उतरावं लागतं, सांगलीत अशा संस्था भरपूर. नवीन संहिता सगळ्यांना हवी असते. खर्च संस्थेचा, नाव तुमचं.

---

विंगेतली बाई

विसरले नाही. पहिल्या प्रयोगासाठी स्पर्धा उत्तमच. पण तिथला प्रेक्षक निम्मा स्पर्धकच असतो, आणि निकाल लागला की सेट गोडाऊनमध्ये जातो. मी स्पर्धेत गाजलेली आणि नंतर कोणी न पाहिलेली नाटकं इतकी बघितलीत की आता यादीही करत नाही. करा, पण फिरतीचं आधी ठरवून करा.

---

काळा कोट

संस्थेला नाटक देणार असाल तर तोंडी देऊ नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९प्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर सगळा भारत. हक्क घेऊन वर्षभर काहीच केलं नाही तर ते परत तुमच्याकडे येतात, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. म्हणून 'इतके प्रयोग, या तारखेपर्यंत, फक्त मराठीत' असं साध्या कागदावर का होईना, लिहून घ्या.

आणि माडीवर रेडिओ असेलच. त्यावर जुनं गाणं लावायचा मोह होईल. जुनं म्हणजे फुकट नव्हे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो, पण गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. परवाना काढा, नाहीतर रेडिओवर नुसत्या पाणीपातळीच्या बातम्या लावा.

---

कृष्णाकाठ

बातम्याच लावते! तसंही त्या दिवसांत आम्ही आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती, ते सोडून दुसरं काही ऐकतच नव्हतो.

वाडा रद्द. ट्रंक घरात आहे. आमच्या वाचनालयाच्या चिटणीसांशी बोलले. ते म्हणाले, आधी अभिवाचन करा, आमच्या सभासदांना आवडलं तर हॉल देऊ. दिग्दर्शनासाठी मिरजेच्या एका मैत्रिणीला संहिता दिलीये. तिने वाचून पहिला प्रश्न विचारला तो असा, की सासू जेवते कधी? मी लिहिलंच नव्हतं. म्हणजे दिग्दर्शन तीच करणार.

पण पोरगा राहणार, बाई. तो माडीवर चढतो, ओल्या पायांनी सासूच्या गादीवर बसतो, आणि सासू काहीच बोलत नाही. ते खालच्या आवाजाला जमायचं नाही.

---

विंगेतली बाई

ओले पाय आधी सांगितले असते तर मी बोललेच नसते. ठेवा त्याला. पण पहिला अंकभर तो रिकामाच असतो ना? लाइट ऑपरेट करायला शिकवा. आणि दुसऱ्या अंकात तो वर चढला की ती दहा मिनिटं प्रकाश एकच राहील असं मैत्रिणीला सांगा.