‘ऑन द रोड’ अर्ध्यावरच मिटावीशी वाटते. दोष कादंबरीचा की माझा?

प्रश्न

अमेरिकन लेखक जॅक केरुॲक यांनी ‘ऑन द रोड’ ही कादंबरी १९५१ च्या एप्रिल महिन्यात अवघ्या तीन आठवड्यांत टंकलिखित केली, असे सांगितले जाते. मला ती वाचायला घेऊन तीन आठवडे उलटले, तरी ती संपण्याचे नाव घेत नाही. पाच भागांपैकी दुसऱ्या भागाच्या शेवटाशी येऊन मी अडकलो आहे. पुढे जावे की पुस्तक मिटून ठेवावे, याबद्दल येथील वाचकांचे मत हवे आहे.

सुरुवात मला मनापासून आवडली होती. निवेदक सॅल पॅराडाइज महिनोन् महिने नकाशे चाळतो, सहा क्रमांकाच्या महामार्गाची पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलेली लांबलचक तांबडी रेघ पाहून याच रस्त्याने सरळ जायचे असे ठरवतो, आणि १९४७ च्या जुलैमध्ये खिशात पन्नास डॉलर घेऊन निघाल्यावर पहिल्याच दिवशी बेअर माउंटनपाशी पावसात चिंब भिजत उभा राहतो, कारण त्या रस्त्याने फारसे कोणी जातच नसते. शेवटी न्यूयॉर्कला परतून तो मुकाट्याने शिकागोची बस पकडतो. ही फजिती, आणि त्यानंतर नेब्रास्कातून वायोमिंगकडे जाणाऱ्या उघड्या ट्रकवरचा प्रवास, हे सारे मी एका बैठकीत वाचले.

मग डीन मोरिआर्टी हे पात्र कथेचा ताबा घेते आणि माझा उत्साह मावळतो. डीन येतो, सगळे गाडीत बसतात, गाडी भरधाव निघते, कुठेतरी पोहोचते, रात्रभर दंगा होतो, पैसे संपतात आणि कोणाला तरी मागे टाकून मंडळी पुन्हा गाडीत बसतात. सॅलला डीन म्हणजे चैतन्याचा झरा वाटतो. मला तो केवळ बडबड्या आणि आपमतलबी वाटतो. मॉडर्न लायब्ररीच्या विसाव्या शतकातील शंभर श्रेष्ठ इंग्रजी कादंबऱ्यांच्या यादीत ही कादंबरी ५५ व्या क्रमांकावर आहे, हे वाचल्यापासून तर आपल्याच वाचनात काही उणे आहे की काय, अशी शंका येऊ लागली आहे.

प्रतिसाद १

आपल्या वाचनात काहीही उणे नाही. मी ही कादंबरी शेवटपर्यंत वाचली, आणि केवळ सुरू केलेले पुस्तक सोडायचे नाही या हट्टापायी वाचली, हे प्रांजळपणे सांगतो.

माझा मुख्य आक्षेप पुनरुक्तीवर नाही, कारण प्रवासाच्या कथेत पुनरुक्ती येणारच. आक्षेप असा आहे की या मंडळींच्या स्वातंत्र्याची किंमत नेहमी दुसरेच कोणी मोजते आणि लेखक त्या हिशेबाकडे क्वचितच पाहतो. डीनचा मित्र एड डंकल गॅलाटियाशी लग्न करतो ते मुख्यतः प्रवासखर्च तिने उचलावा म्हणून, आणि तिचे पैसे संपताच तिला ट्यूसनच्या हॉटेलात सोडून सगळे पसार होतात. पैसे संपले की सॅलला मावशीची आठवण होते. वाटेत पेट्रोल आणि खाद्यपदार्थ चोरले जातात. तिसऱ्या भागात डेन्व्हरहून शिकागोला पोहोचवण्यासाठी विश्वासाने दिलेली कोणा एकाची कॅडिलॅक डीन ११८० मैल १७ तासांत दामटतो आणि ती अशा अवस्थेत परत करतो की गॅरेजमधल्या माणसाला ती ओळखूही येत नाही. हे विनोदी म्हणून लिहिले आहे. मला त्या गाडीच्या मालकाचा चेहरा डोळ्यांसमोर येत राहिला.

अमेरिकन लेखक ट्रूमन कपोटी यांनी या प्रकाराला लेखन न म्हणता टंकलेखन म्हटले होते. तो शेरा कुत्सित आहे, तरीही दुसऱ्या भागात असताना मला तो वारंवार आठवत असे.

प्रतिसाद २

कपोटींच्या शेऱ्यामागे जी समजूत आहे, तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण कादंबरीविषयीच्या निम्म्या गैरसमजांचे मूळ तेथेच आहे.

तीन आठवड्यांची गोष्ट खरी आहे. केरुॲक यांनी पातळ कागदाचे ताव एकमेकांना चिकटवून सुमारे १२० फूट लांबीची गुंडाळी तयार केली आणि परिच्छेद न पाडता सलग मजकूर टंकलिखित केला. ती गुंडाळी २००१ मध्ये २४ लाख डॉलरहून अधिक किमतीला लिलावात विकली गेली, त्यामुळे आख्यायिकेला आणखी झळाळी आली. मात्र त्या तीन आठवड्यांच्या आधी कित्येक वर्षे ते प्रवासाच्या वह्या भरत होते, १९४८ पासून याच विषयाचे निरनिराळे आरंभ करून टाकून देत होते, आणि त्यानंतर पुस्तक १९५७ च्या सप्टेंबरमध्ये बाहेर पडेपर्यंत सहा वर्षे नकार, फेरलेखन आणि संपादन यांत गेली. एका दमात लिहिल्यासारखे वाटावे यासाठी दीर्घकाळ खपलेले हे पुस्तक आहे. त्यातील लांब वाक्ये मनातल्या मनात वाचली तर कंटाळवाणी वाटतात. शिकागो किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या जॅझ मैफिलींचे एखादे पान मोठ्याने वाचून पाहावे. वादक एका श्वासात जितके वाजवतो तितके वाक्य चालवायचे आणि श्वास संपला की थांबायचे, असा तो प्रयोग आहे. तो प्रत्येक पानावर साधला आहे, असे मीही म्हणणार नाही. दुसऱ्या भागातला न्यू ऑर्लिन्सचा मुक्काम, तेथे राहणाऱ्या ओल्ड बुल ली या मित्राच्या विक्षिप्त उद्योगांची वर्णने, हे मला आजही लांबलेले वाटते.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गुंडाळीच्या मूळ मसुद्यात निवेदकाची आणि डीनची भेट निवेदकाच्या वडिलांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत होते. छापील आवृत्तीत तेथे पत्नीपासून झालेली ताटातूट आली. केरुॲक यांचे वडील १९४६ मध्ये वारले होते. डीनचा दारुडा बाप डेन्व्हरच्या रस्त्यांवर कुठेतरी हरवला आहे आणि तो शेवटपर्यंत सापडत नाही. म्हणजे पोरकेपण दोघांचेही आहे. हे लक्षात आल्यावर मला ही कादंबरी आनंदयात्रा वाटेनाशी झाली. शोक विसरण्यासाठी धावत सुटलेल्या माणसाची ती हकिकत वाटू लागली. प्रवासाची कादंबरी म्हणून आपण हिच्याकडे आलात, म्हणून निराश झालात, असा माझा अंदाज आहे.

आणखी एक गोष्ट जाता जाता. कथेतील प्रवास १९४७ ते १९५० मधले आहेत. पुस्तक वाचकांच्या हाती पडले तेव्हा लेखक ३५ वर्षांचे होते आणि आंतरराज्य महामार्गांचा कायदा होऊन एक वर्ष झाले होते. सॅल ज्या दुपदरी रस्त्यांवर, कोणी गाडीत घ्यावे म्हणून, अंगठा दाखवत उभा राहिला, त्यांचे दिवस भरत आले होते. तरुणांनी जे आमंत्रण समजून वाचले, ती लेखकाच्या लेखी एक जुनी आठवण होती. कौतुकाच्या त्या गदारोळात केरुॲक आयुष्यभर अवघडल्यासारखे वागले आणि १९६९ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, दारूने पोखरलेल्या देहाने गेले.

प्रतिसाद ३

वरील प्रतिसादातील शैलीविषयीचे विवेचन मला मान्य आहे. तथापि शोक आणि पोरकेपण यांच्या आडोशाला सर्वच काही झाकता येणार नाही. डीनला मेरीलू, कमिल आणि इनेझ अशा तीन बायका एकापाठोपाठ एक, आणि प्रसंगी एकाच वेळी, आहेत. त्यांपैकी एकीच्याही मनात काय चालले आहे हे आपल्याला कळत नाही. ज्यांच्यावरून ही पात्रे बेतली, त्यांच्या वर्तुळातील स्त्रियांनी पुढे स्वतःच्या आठवणी लिहिल्या. कमिलचे मूळ असलेल्या कॅरोलिन कॅसडी यांनी आपल्या पुस्तकाला ‘ऑफ द रोड’ हे नाव दिले, यातच सारे आले.

सॅल कॅलिफोर्नियात टेरी नावाच्या मेक्सिकन वंशाच्या तरुणीबरोबर राहून कापूस वेचतो, तो भाग अनेकांना सर्वांत हृद्य वाटतो, आणि तो आहेही. दिवसाला जेमतेम दीड डॉलर मिळवताना त्याची बोटे सोलवटतात, टेरी आणि तिचा लहान मुलगा त्याच्यापेक्षा वेगाने कापूस वेचतात. पण थंडी पडू लागताच तो निघून जातो. त्याला जाता येते; तिला येत नाही. पुढे अनेक दशकांनी, २०१० मध्ये, टेरीचे मूळ असलेली स्त्री फ्रेझ्नो येथे सापडली, तेव्हा आपण एका जगप्रसिद्ध कादंबरीत आहोत याची तिला कल्पनाही नव्हती.

तिसऱ्या भागाच्या आरंभी आपल्याला एक परिच्छेद भेटेल. डेन्व्हरच्या कृष्णवर्णीय वस्तीतून संध्याकाळी चालताना सॅलला आपण गोरे नसतो तर किती बरे झाले असते, असे वाटते, कारण त्याच्या मते खरा आनंद आणि खरे जगणे त्या वस्तीत आहे. १९४९ च्या अमेरिकेत हे वाटणे किती भाबडे, किंबहुना किती सुखवस्तू आहे! कृष्णवर्णीय लेखक जेम्स बॉल्डविन यांनी १९६१ मधील एका निबंधात हा परिच्छेद उद्धृत केला आणि हार्लेम या न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीतील अपोलो नाट्यगृहाच्या मंचावरून हे वाचून दाखवण्याची पाळी केरुॲक यांच्यावर आली तर त्यांची काय अवस्था होईल, असा प्रश्न विचारला. मात्र त्याच ठिकाणी, पातळ झालेली का होईना, यात खरी वेदना आहे हेही त्यांनी मान्य केले. मला इतका न्याय्य अभिप्राय दुसरा आढळलेला नाही. कादंबरी पूर्ण वाचावी असेच मी सुचवीन. ती आवडलीच पाहिजे असे मात्र नाही.

प्रतिसाद ४

वयाचाही काही संबंध असावा. मी ही कादंबरी प्रथम एकोणिसाव्या वर्षी वाचली तेव्हा डीनच्या शेजारच्या आसनावर बसलो होतो. चाळिशीत पुन्हा वाचली तेव्हा बहुतेक वेळ मावशीच्या घरी, तारेची वाट पाहत काढला.

या मतभेदांत नवे काही नाही, हेही प्रश्नकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. प्रकाशनाच्या दिवशीच ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये गिल्बर्ट मिलस्टीन यांनी भरभरून स्तुती केली, तीही नेहमीचे समीक्षक रजेवर असल्यामुळे. पुढच्याच वर्षी समीक्षक नॉर्मन पॉडहोरेट्झ यांनी केरुॲक आणि त्यांच्या साथीदारांना, म्हणजे ‘बीट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या साऱ्या लेखकांना, अडाणीपणाचे पूजक ठरवून झोडपले. तेव्हापासून दोन्ही पक्ष आपापल्या जागी ठाण मांडून बसले आहेत.

मूळ गुंडाळीचा मजकूर २००७ मध्ये खऱ्या नावांसह प्रसिद्ध झाला आहे. परंतु जे आत्ताच कंटाळले आहेत, त्यांनी परिच्छेदच नसलेल्या त्या आवृत्तीच्या वाटेला जाऊ नये.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. आपल्या प्रतिसादांमुळे मी पुन्हा पुस्तक उघडले आणि काल रात्री ते संपवले.

तिसऱ्या भागातला सॅन फ्रान्सिस्कोचा प्रसंग वाचताना मी सावरून बसलो. ट्यूसनला सोडून दिलेली तीच गॅलाटिया डंकल सर्वांसमक्ष डीनला सुनावते, की तुला स्वतःच्या सुखापलीकडे कोणाचीही पर्वा नाही. डीनचा अंगठा पट्टीत गुंडाळलेला असतो, कारण मेरीलूला मारताना तो मोडला होता. पहिल्या प्रतिसादात लेखक हिशेबाकडे पाहत नाही असे म्हटले आहे. येथे तो हिशेब, निदान एकदा तरी, गॅलाटियाच्या तोंडून मांडला गेला आहे. मला डीनबद्दल जे जे वाटत होते, ते ती नेमके बोलून दाखवते. सॅल मात्र ऐकून घेतो आणि तरीही डीनच्याच बाजूला उभा राहतो. त्याचे हे उभे राहणे मला पटले नाही, पण प्रथमच समजले. पुढे चौथ्या भागात मेक्सिको सिटीत सॅल आमांशाने फणफणत पडला असताना डीन त्याला सोडून निघून जातो, आणि त्या वेळी सॅलचा स्वर जवळजवळ क्षमाशील आहे. याचा मात्र मला राग आला, अजूनही आहे.

शैलीबद्दल सांगायचे तर जॅझचे एक पान मोठ्याने वाचून पाहिले. फरक पडतो. दुसरा भाग मात्र मोठ्याने वाचूनही लांबलेलाच वाटला. टेरीचा प्रसंगही पुन्हा वाचला. तिसऱ्या प्रतिसादानंतर तो पूर्वीइतका गोड राहिला नाही, याची हुरहूर वाटते.

शेवटच्या भागाबद्दल आपणांपैकी कोणीच काही लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटले. डीन सबंध खंड ओलांडून केवळ सॅलला भेटायला न्यूयॉर्कला येतो. कडाक्याच्या थंडीत सॅल आपल्या मित्रांबरोबर कॅडिलॅकमधून ड्यूक एलिंग्टन यांच्या मैफिलीला निघालेला असतो, आणि डीन चाळिसाव्या रस्त्यापर्यंत गाडीतून येऊ का, एवढेच विचारतो. सॅलचा मित्र नकार देतो. सॅल मागच्या आसनावर बसून नुसता हात हलवतो, आणि कसर लागलेला ओव्हरकोट घातलेला डीन एकटाच चालत सातव्या ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावरून दिसेनासा होतो. एवढे सगळे रस्ते ज्याने गाडीतून तुडवले, त्याला शेवटी चार चौकांपुरतीही जागा मिळत नाही. तेथे सॅलने गाडी थांबवायला हवी होती, असे मला वाटून गेले. आणि दोन आठवड्यांपूर्वी याच माणसाला गाडीतून उतरवून द्यावे असे मला वाटत होते.