जिप्सीच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये पाणी गेलंय, ऑइल घरीच बदलायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गाडी मारुती जिप्सी किंग, फोर बाय फोर, गाव जिंतूर तालुक्यात. आमच्या शेताला पांदण रस्ता आहे, सगळं काळं रान, पाऊस झाला की ट्रॅक्टर सोडून तिथं दुसरं काही चालत नाही आणि ही गाडी फोर लो (चारही चाकांना जास्त ओढ देणारा गिअर) टाकली की बिनधास्त निघते, म्हणून घरात सगळ्यांचा जीव आहे हिच्यावर. यंदा परतीच्या पावसानं ओढा लई दिवस वाहत राहिला, ऐन सोयाबीनच्या सुगीत त्यातूनच येणंजाणं होतं, पाणी कधी हबपर्यंत तर कधी आख्खा एक्सल पाण्याखाली.

सुगी उरकली, गाडी धुतली आणि खाली शिरून बघितलं तर मागच्या हौजिंगवर, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलच्या लोखंडी कवचावर, ब्रीदरपासून (आतल्या हवेला ये-जा करायची तोटी) चहाच्या रंगाचा ओघळ आलेला, बोटावर घेतला तर चिकट आहे पण ऑइलसारखा पारदर्शक नाही, आणि पिनियनच्या (डिफरन्शियलमधला लहान गिअर, क्राऊन म्हणजे मोठा) सीलपाशी पण ओलं दिसायलंय. म्हणजे आत पाणी गेलंय हे नक्की. आवाज अजून काही नाही, साठच्या स्पीडला पण नाही, म्हणून क्राऊन-पिनियन धड असतील अशी आशा आहे आणि ते धड आहेत तोवरच ऑइल बदलून टाकायचंय.

तालुक्याला एका गॅरेजात दाखवली तर म्हणाले वरून थोडं ऑइल टाकून देतो, खाली करायची गरज नाही. मला नाही पटलं. पाणी तळाशी बसलेलं असताना वर नवीन ओतून काय उपयोग, तेच पाणी बेअरिंग खाणार. चांगल्या वर्कशॉपला न्यायची तर छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं आणि असल्या ऑइलवर एवढा हायवे मारायला मन धजत नाही. घरी अंगणात फरशी सपाट आहे, पान्यांचा सेट आहे, धाकटा भाऊ हाताखाली आहे.

अडचण अशी की वरच्या फिलर प्लगचं डोकं आधीच्या मालकाकडं असतानाच कुणीतरी पाना घसरवून गोल करून ठेवलंय. खालचा ड्रेन प्लग चांगला आहे, तो सुटेल, पण वरचा सुटल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही एवढं माहिती आहे, नाहीतर ऑइल सगळं जमिनीवर आणि नवीन भरायला रस्ताच नाही, गाडी अंगणातच बसायची. तर हा प्लग काढावा कसा? गॅसची ज्योत मारावी का? मागं पेट्रोलची टाकी आहे म्हणून हिंमत होत नाही.

दुसरं ऑइलचं. दुकानदार नव्वद नंबर म्हणतो, आमच्या गल्लीतले ट्रकवाले काका म्हणतात १४० टाक, उन्हाळ्यात परभणीला पारा ४३-४४ ला जातो, नव्वद पातळ पडेल. त्यात डब्यावर गिअर ऑइलच्या दर्जाचे जीएल-४ आणि जीएल-५ असे दोन प्रकार. डिझेलनं आतून धुवावं का? पुढचं पण लगेच बदलावं का, पुढचे हब मी एरवी फ्रीवरच ठेवतो, म्हणजे पुढची चाकं एक्सलपासून सुटी. लिटर किती आणू? ज्यांनी स्वतःच्या हातानं केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा, दोन ओळींत नका उरकू.

प्रतिसाद : लातूरचा फोर बाय फोर

भाऊ, खालचा प्लग खोलला नाहीस हे एकच काम लाखाचं केलंस. ज्योत अजिबात नको, टाकी जवळ आहे आणि हौजिंगवर जुनं ऑइल-ग्रीस साचलेलं असतं, ते पेट घेतं.

आधी तारेच्या ब्रशनं प्लगच्या कडेची माती पूर्ण काढ, आपली काळी माती वाळली की सिमेंटगत बसते आणि आट्यात शिरते. मग गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेव, सकाळी परत मार आणि प्लगच्या डोक्यावर हातोडीचे सरळ ठोके दे, जोरात नाही पण बरेच, त्यानं आटे हलतात. त्यानंतर बारा पैलूची गोटी (डोक्यावर टोपीसारखा बसणारा पाना) वापरू नको, ती गोल डोक्यावर घसरणारच, सहा पैलूची एक नंबर लहान गोटी घे आणि हातोडीनं ठोकून घट्ट बसव, मग लांब टॉमी (दांडा) लावून एकदम झटका न देता हळूहळू वजन टाक. तेवढ्यानं नाहीच सुटला तर छन्नी प्लगच्या कडेला तिरपी धरून सुटायच्या दिशेनं ठोके.

सगळ्यात शेवटचा उपाय म्हणजे प्लगच्या डोक्यावर नट वेल्ड करून घेणं, त्या उष्णतेनंच निम्मा प्लग ढिला होतो. पण ते घरी नको, चांगल्या वेल्डरकडं, टाकी उतरवून, बॅटरीच्या वायरी काढून, आणि अर्थिंगचा चिमटा हौजिंगलाच प्लगच्या शेजारी लावायला सांग. चिमटा चेसिसला किंवा चाकाकडं लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग जातात. नवीन प्लग आणि वॉशर आधीच आणून ठेव.

प्रतिसाद : वाळूजचा फिटर

ऑइलचं सांगतो. डिफरन्शियलला जीएल-५ च. क्राऊन आणि पिनियनचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत तर घासत घासत फिरतात, हायपॉइड म्हणतात त्याला, तिथं दाबाखाली टिकणारं गंधक-फॉस्फरसचं मिश्रण ऑइलात लागतं आणि ते जीएल-५ मध्ये जास्त असतं, डबा उघडला की जो उग्र वास येतो तो त्याचाच. तेच ऑइल गिअरबॉक्समध्ये मात्र टाकायचं नाही, आतल्या पितळी रिंगांना ते मानवत नाही, तिथं मॅन्युअलात जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४ च. दोन डबे शेजारी ठेवले की अदलाबदल होते म्हणून मी डब्यावर खडूनं लिहून ठेवतो.

१४० ची गरज नाही. काकांचा अनुभव ट्रकचा आहे, तिथं लोड वेगळा. गिअर ऑइलचा नव्वद नंबर मोजतातच मुळी १०० डिग्रीला, तिथं जाडी १३.५ ते १८.५ सेंटिस्टोकच्या मधी असली की तो नव्वद. मग बाहेर ४४ असलं म्हणून तो पातळ पडत नाही. इंजिन ऑइलच्या नंबराशी तुलना पण करू नका, दोन्हीचं माप वेगळं आहे. ८०डब्ल्यू-९० घ्या.

जिप्सीला मागं साधारण दीड लिटर आणि पुढं दोन लिटर लागतं, पण आकड्यावर जाऊ नका, फिलरच्या भोकातून ऑइल बाहेर यायला लागलं की भरलं. म्हणूनच गाडी चारही चाकांवर सपाट उभी पाहिजे. जिप्सी उंच आहे, जॅक न लावता खाली जाता येतं, उगं एक बाजू उचलली तर लेव्हल चुकते आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली माणूस गेला तर जीवाचा धोका. चाकांना पुढून-मागून दगड लावा.

डिझेल घालून फिरवायचं नाही. कोपऱ्यात राहिलेलं डिझेल नंतर नवीन ऑइल पातळ करतं. त्यापेक्षा पहिल्यांदा स्वस्तातलं जीएल-५ भरा, पंधरा-वीस किलोमीटर गावातच चालवा, गरम असतानाच खाली करा, मग चांगलं भरा. चहाचा रंग दुसऱ्या वेळी दिसला तर तिसऱ्यांदा. पैसे जातात पण क्राऊन-पिनियनच्या मानानं काहीच नाही.

पुढचं बदलाच. हब फ्रीवर असले म्हणजे रस्त्यावर आतले गिअर फिरत नाहीत एवढंच, पाणी जायचं ते जातंच, आणि न फिरता पाण्यात उभे राहिलेले गिअर जास्त गंजतात.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. १४० चा विषय काकांना वाचून दाखवला, त्यांना पटलं. पण मुळात पाणी आत जातं कसं, सील तर मागच्याच वर्षी नवीन टाकलेत. आणि भरायचं कसं, भोकासमोर डबा उभा पण राहत नाही.

प्रतिसाद : बालाघाटी (बीड)

पाणी बहुतेक ब्रीदरनंच घेतलंय. गाडी चालून हौजिंग गरम झालेली असते, आतली हवा फुगलेली, ती एकदम गार ओढ्यात गेली की हवा आकसते आणि जिथून वाट मिळेल तिथून पाणी आत ओढलं जातं. ब्रीदर मातीनं बुजला असेल तर उलटा प्रकार, गरम झाल्यावर हवेला बाहेर वाट नाही म्हणून ती सीलवर दाब देते, तुमचं पिनियनपाशी ओलं दिसतंय ते त्यानं पण असू शकतं. म्हणून सील बदलायची घाई करू नका, आधी ब्रीदर काढून पेट्रोलनं धुवा, परत बसवून ओलं राहतंय का बघा.

ऑइल चांगलं भरलं की ब्रीदरच्या जागी नळी जोडून ती वर बॉडीपर्यंत न्या, टोक खाली वळवून बांधा. रबर ऑइलला टिकणारं घ्या, आणि एक्सल वर-खाली होतो तेवढी ढील ठेवा नाहीतर पहिल्याच खड्ड्यात निसटेल. ओढ्यात घालायच्या आधी पाच-दहा मिनिटं गाडी उभी करत जा.

भरायला पारदर्शक पाइप आणि नरसाळं. पाइप भोकात, दुसरं टोक मागच्या फाळक्यावरून वर, तिथं भावाला नरसाळं धरून उभं करा. डबा दुपारभर उन्हात ठेवा, गार ऑइल पाइपातून लवकर उतरत नाही.

धागाकर्ता

झालं मंडळी! प्लग छन्नीपर्यंत जाऊ न देता लहान गोटीवरच सुटला, ठोके मात्र भरपूर द्यावे लागले. खालचा खोलल्यावर आधी नुसतं गढूळ पाणी आलं, त्याच्यामागून चहाच्या रंगाचं. स्पीकरमधला लोहचुंबक पिशवीत घालून टोपल्यातल्या ऑइलात फिरवला, राखाडी बारीक लेप चिकटला, बोटांत चोळला तर कण लागत नाहीत, तुकडा एकही नाही. दुसऱ्या वेळी ऑइल जवळपास स्वच्छ निघालं. जुनं सगळं कॅनमध्ये भरलंय, आमच्याकडं लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावतात पण विहीर जवळ आहे म्हणून ते गॅरेजच्या पिंपात देणार आहे.

पुढच्यात पाणी नव्हतं पण ऑइल कमी होतं, आणि डाव्या चाकाच्या आतल्या गोळ्यावर (एक्सलच्या टोकाला जिथं चाक वळतं तो) काळं पातळ ग्रीस ओघळलंय. ऑइल कमी असण्याशी याचा संबंध आहे का?

प्रतिसाद : वाळूजचा फिटर

आहे. त्या गोळ्यात ग्रीस असतं आणि डिफरन्शियलचं ऑइल तिथं येऊ नये म्हणून एक्सलवर आत एक सील असतं. ते गेलं की ऑइल गोळ्यात उतरतं, ग्रीस पातळ करून बाहेरच्या सीलनं ओघळतं. राखाडी लेपाची काळजी करू नका, तो झिजेचा असतोच, कण किंवा दाताचे तुकडे असते तर गोष्ट वेगळी होती.

पुढचं आत्ता भरा, गाडी चालवा, पण महिनाभरानं परत लेव्हल बघा. काम काढाल तेव्हा नुसतं आतलं सील बदलून भागवू नका, डावा गोळा पूर्ण खोलून जुनं ग्रीस पुसून काढा, बेअरिंग हातानं फिरवून बघा आणि नवीन ग्रीस भरूनच बंद करा. उजव्या बाजूला अजून कोरडं असेल तर तिकडं हात लावू नका.