दहावीच्या मुलीने टिपणे स्वतः काढावीत की तयार नोट्स वापराव्यात?

प्रश्न (पालक, खानापूर तालुका)

माझी मुलगी मराठी माध्यमात दहावीला आहे. वर्गातल्या बऱ्याच मुलींनी तयार नोट्सच्या झेरॉक्स आणल्या आहेत. ही मात्र रोज रात्री दीड-दोन तास विज्ञानाची टिपणे काढत बसते. एसएसएलसीचे (कर्नाटकातील दहावीच्या बोर्ड परीक्षेचे) एकूण ६२५ गुणांचे सहा विषय समोर असताना हा वेळ वाया तर जात नाही ना, अशी काळजी वाटते. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (निवृत्त विज्ञान शिक्षक, बेळगाव)

ताई, प्रथम तिची वही उघडून पाहावी. पुस्तकातली वाक्ये जशीच्या तशी उतरली असतील तर वेळ खरोखरच वाया जातो आहे, कारण त्यात केवळ हात चालतो. परंतु धडा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल ते ती आपल्या शब्दांत लिहीत असेल आणि मग पुस्तकाशी ताडून राहिलेले भरत असेल, तर तिचा अभ्यास त्या लिहिण्यातच होतो. झेरॉक्समध्ये हे काम दुसऱ्याच कुणीतरी केलेले असते. शिकलेले सुरुवातीला फार झपाट्याने विसरले जाते, हे हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले होते. म्हणून ती वही दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने उघडली गेली पाहिजे, आणि मुले नेमके हेच टाळतात. गणितात मात्र टिपणांपेक्षा उदाहरणे सोडवण्यावर भर द्यावा.

उत्तर (विद्यार्थिनी, पीयूसी द्वितीय वर्ष, म्हणजे बारावी)

काकू, सरांच्या सांगण्याला मी आपल्या सीमाभागापुरती एक गोष्ट जोडते. मीही मराठी माध्यमातूनच आले आणि पीयूसीला विज्ञान इंग्रजीतून घेतले. प्रकाशसंश्लेषण मला पक्के येत होते, तरी वर्गात ‘फोटोसिंथेसिस’ ऐकताना हे तेच आहे हे चटकन लक्षात येईना. कन्नड माध्यमातून आलेल्या मैत्रिणीची ‘द्युतिसंश्लेषणे’ या शब्दापाशी हीच अडचण होत होती. दहावीच्या वहीत प्रत्येक मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी शब्द लिहिला असता तर माझे पहिले दोन महिने चाचपडण्यात गेले नसते. मला मिळालेल्या तयार नोट्समध्ये ही सोय नव्हती.

प्रश्नकर्त्या पालक

सर, काल वही पाहिली. पहिले दोन धडे पुस्तकातून उतरवलेले आहेत, पण पुढचे तिच्या स्वतःच्या शब्दांत आहेत आणि न समजलेल्या ठिकाणी तिने प्रश्नचिन्हे केली आहेत. समास मात्र कोरा आहे. आज रात्री आम्ही दोघी मिळून त्यात इंग्रजी संज्ञा लिहायला बसणार आहोत.