शब्दचर्चा : 'क्रॉनिक पेन'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

फोंड्याहून निघणाऱ्या एका छोट्या मासिकासाठी मी वेदनेच्या मेंदूसंशोधनावर लेख लिहीत आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्रसाद शिरवळकर आणि त्यांचे सहकारी यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेले काम हा लेखाचा गाभा आहे. त्यांनी चार रुग्णांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले आणि ते रुग्ण आपापल्या घरी नेहमीचे जीवन जगत असताना कित्येक महिने मेंदूतील विद्युत संकेतांची नोंद घेतली. तिघांना पक्षाघातानंतरची वेदना होती आणि एकाला तोडलेल्या अवयवाच्या जागी जाणवणारी वेदना होती. माझी अडचण शब्दांची आहे. कोशांत 'अ‍ॅक्यूट'ला 'तीव्र' आणि 'क्रॉनिक'ला 'चिरकारी' किंवा 'दीर्घकालीन' असे प्रतिशब्द सापडतात, परंतु ते वापरून लिहिलेला पहिला परिच्छेद मलाच खटकतो आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर

आपल्याला खटकले ते योग्यच आहे, आणि त्याचे मूळ 'तीव्र' या शब्दात आहे. मराठीत तीव्र म्हणजे जोराचे, प्रखर. तीव्र ऊन, तीव्र इच्छा, तीव्र विरोध या सर्व प्रयोगांत शब्द प्रमाण सांगतो, मुदत सांगत नाही. 'अ‍ॅक्यूट' हा वैद्यकातला शब्द मात्र अलीकडे उद्भवलेले आणि सहसा थोड्या दिवसांत निवळणारे असे सांगतो. विळीने बोट कापल्यावर होणारी वेदना सौम्य असली तरी ती अ‍ॅक्यूटच असते. उलट वर्षानुवर्षे न सुटणारी पाठीची वेदना रात्र-रात्र झोपू देत नाही, इतकी तीव्र असू शकते. 'तीव्र' आणि 'चिरकारी' ही जोडी समोरासमोर ठेवली की जुनी वेदना सौम्य असते, असा चुकीचा अर्थ वाचक नकळत घेतो. एखाद्या रुग्णाच्या कागदावर हा शब्द आला, तर त्याच्या त्रासाचे मोलच कमी होते, म्हणून मी येथे आग्रहाने सांगतो की 'अ‍ॅक्यूट'साठी 'तात्कालिक वेदना' लिहावे आणि 'तीव्र' हा शब्द केवळ प्रमाणासाठी राखून ठेवावा.

'चिरकारी' मराठी विश्वकोशातल्या वैद्यकीय नोंदींत भेटतो आणि व्याकरणाने निर्दोष आहे, पण पेडण्यापासून काणकोणपर्यंत एकाही रुग्णाच्या तोंडी तो ऐकू येणार नाही. 'दीर्घकालीन' सुबोध आहे आणि एका अर्थी नेमकाही आहे, कारण तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारी वेदना, अशीच क्रॉनिक पेनची रूढ व्याख्या आहे. तरीही तो मला अपुरा वाटतो. तीच वेदना, फक्त लांबलेली, असे चित्र त्यातून उभे राहते, आणि गेल्या दोन दशकांतले संशोधन नेमके या चित्राविरुद्ध बोलते.

शिकागो येथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील वानिया अपकारियन यांच्या गटाने नुकतीच पाठदुखी सुरू झालेल्या लोकांचा सुमारे वर्षभर पाठपुरावा केला. ज्यांची पाठदुखी पुढे टिकून राहिली, त्यांच्या मेंदूत कपाळामागचा अंतर्भाग आणि 'न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स' हे प्रेरणेशी निगडित केंद्र यांच्यातला संवाद आरंभापासूनच अधिक घट्ट होता, असे २०१२ मध्ये त्यांनी मांडले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी दाखवले की पाठदुखी जुनी होत जाते तशी तिच्याशी निगडित मेंदूतली हालचाल शारीरिक वेदनेच्या नेहमीच्या जागांवरून भावना आणि प्रेरणा हाताळणाऱ्या जाळ्यांकडे सरकते. शिरवळकरांच्या अभ्यासातही रुग्णांची रोजची जुनी वेदना ओळखण्यास डोळ्यांच्या खोबणीवर असणाऱ्या 'ऑर्बिटोफ्रंटल' भागातले संकेत विशेष उपयोगी पडले. त्याच रुग्णांना मुद्दाम उष्णतेचा चटका दिला असता होणारी तात्कालिक वेदना मात्र मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या आतल्या बाजूला, पुढे असणाऱ्या 'अँटेरिअर सिंग्युलेट' या भागात अधिक स्पष्ट उमटली. रुग्णसंख्या चारच होती, हे आपण लेखात अवश्य लिहावे.

हे सर्व लक्षात घेता माझी पसंती 'जुनाट वेदना' या शब्दाला आहे. जुनाट खोकला, जुनाट बद्धकोष्ठ हे प्रयोग घरोघरी आहेत, आणि त्यांत काळाबरोबर चिवटपणाही येतो: मुरलेले, घर करून बसलेले, नेहमीच्या उपायांना दाद न देणारे. केवळ लांबी न सांगता स्वभाव बदलल्याची सूचना देणारा असा शब्द मराठीत आयता असताना नवा घडवण्याचे कारण नाही. 'जुनाट'ला थोडी हेटाळणीची छटा आहे, असा आक्षेप घेतला जाईल. ती छटा जुनाट विचार, जुनाट रूढी यांत आहे, आजाराच्या संदर्भात ती जाणवत नाही.

नामाविषयीही काळजी घ्यावी लागेल. 'जुने दुखणे' हा शब्दप्रयोग सुंदर आहे, पण मराठीत दुखणे म्हणजे वेदनाही आणि आजारही. 'दुखणे अंगावर काढले', 'मोठ्या दुखण्यातून उठला' या वाक्यांत वेदना असेलच असे नाही. आपल्या गोव्यातील वाचकाला हा फरक चटकन जाणवेल, कारण कोकणीत 'फाट दुखता' हे वेगळे आणि 'दुयेंस' वेगळे. 'वेदना' हा शब्द विद् या धातूपासून आला, म्हणजे त्याच्या मुळाशीच जाणणे, अनुभवणे आहे. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येतही वेदना हा शारीरिक आणि भावनिक असा अप्रिय अनुभव मानला असून, ऊतींना प्रत्यक्ष इजा झालीच पाहिजे अशी अट त्यात नाही. अनुभवासाठी 'वेदना' हाच शब्द ठेवावा.

इजा झाल्याची खबर मज्जातंतूंतून पाठीच्या कण्याकडे आणि तेथून मेंदूकडे जाते, त्या प्रक्रियेचे नाव 'नोसिसेप्शन'. चार्ल्स शेरिंग्टन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी ही कल्पना मांडली. तिला 'वेदनाग्रहण' म्हणण्याची पद्धत दिसते, ती मी टाळेन. त्या टप्प्यावर वेदना अजून झालेलीच नसते. झालेली असते ती केवळ सूचना, आणि मेंदू तिचे काय करील हे पुढे ठरते. 'इजासंकेतन' हा शब्द मी सुचवतो. तो बोजड वाटल्यास 'इजेची सूचना' असे सरळ लिहावे.

एक पुस्ती जोडतो. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेचे स्वरूप नोंदवणारी मॅकगिल प्रश्नावली प्रसिद्ध केली, ती रुग्णांच्या शब्दांवरच उभी आहे: वेदनेची ७८ विशेषणे २० गटांत लावलेली. मराठीत असा संग्रह केला तर तो तोकडा पडणार नाही. ठणका नाडीच्या ठोक्यासारखा असतो, चमक क्षणात येऊन जाते, कळ आतून पिळून उठते, ठुसठुस पिकलेल्या फोडात असते, रग अवघडलेल्या स्नायूत असते, सल खोल रुतलेला असतो. तपासणाऱ्या डॉक्टरला यातला प्रत्येक शब्द काहीतरी सांगत असतो, आणि कागदावर उतरताना या सर्वांचे एकच 'पेन' होते, ही मोठी हानी आहे.

पूरक प्रश्न

'जुनाट वेदना' आणि 'तात्कालिक वेदना' स्वीकारतो. परंतु 'वेदना मेंदूत निर्माण होते' हे वाक्य मी एका वयस्क नातेवाईकांना वाचून दाखवले, तेव्हा ते दुखावले. 'म्हणजे माझी कंबर दुखतच नाही, सगळे मनाचे खेळ, असेच ना?' असे त्यांनी विचारले. वाक्य शास्त्रीयदृष्ट्या बरोबर असेल, तर ते कसे लिहावे?

उत्तर

वाक्य बरोबर आहे, पण मराठीत मेंदू आणि मन हे बोलण्यात फार जवळ येतात, आणि 'मनाचे खेळ', 'नुसता भास' हे शब्द लगेच चिकटतात. म्हणून 'मानसिक', 'काल्पनिक', 'भास' हे शब्द या लेखात कोठेही येऊ देऊ नयेत. 'भावनिक' आला तर लगेच शेजारी मेंदूतल्या जागेचा उल्लेख करावा. वाक्याचा क्रमही बदलून पाहावा. 'कंबर दुखते हे खरेच आहे. ते दुखणे जाणवून देण्याचे काम मेंदू करतो, आणि जुनाट वेदनेत कमरेची इजा भरून आल्यावरही मेंदू ते काम थांबवत नाही' असे लिहिल्यास आपले नातेवाईक दुखावणार नाहीत आणि शास्त्राशीही तडजोड होणार नाही. मात्र 'इजा भरून आल्यावरही' हे सर्व रुग्णांना लागू नाही. संधिवातासारख्या आजारात इजेची सूचना चालूच असते, म्हणून वरील वाक्यात 'पुष्कळदा' हा शब्द घालावा.

वचनाचेही पाहून घ्यावे. 'वेदना' एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच राहतो. संकल्पना सांगताना 'वेदना होते' आणि रुग्णाची तक्रार सांगताना 'वेदना होतात' असे दोन्ही चालते, पण एकाच परिच्छेदात सरमिसळ नको.