नाग नदीला भिंत द्यायची की जागा?

आंबाझरीची शेजारीण

23 सप्टेंबर 2023 ची पहाट. आदल्या दिवशी आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण झालं होतं. आवरून झोपायला एक वाजला आणि साडेतीनच्या सुमारास मोरीतून पाणी उलटं वर यायला लागलं. आधी मुखवटे उचलून माळ्यावर ठेवले, मग सासूबाईंना डायनिंग टेबलवर बसवलं. खुर्ची घालून चढवेपर्यंत पाणी माझ्या कमरेला लागलं होतं. कोठ्या तरंगत होत्या. त्या रात्री नागपुरात माणसं गेली, आम्ही वाचलो.

आता नदीकाठाच्या कामांचं बोलणं निघालं की तेच ऐकू येतं: दोन्ही बाजूंना उंच भिंती, वर फरसबंदी, बाकडी, दिवे. माझा याला विरोध आहे. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, हे खरं. पण आंबाझरी तलावाच्या सांडव्यापासून खाली नदी जागोजागी आवळली होती, हेही तेवढंच खरं. सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकाचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. डागा ले-आऊटमध्ये नदीवर स्लॅब टाकून स्केटिंग रिंक बांधला होता, तो पुरानंतर तोडायला घेतला. म्हणजे चूक मान्य झाली. मग नव्या आराखड्यात पुन्हा नदीच्याच अंगावर काँक्रीट कशाला? आधी तिचं पात्र मोजा, जिथे खाल्लं गेलं तिथे परत द्या. मैदानं, बागा, पार्किंग अशा मोकळ्या जागा नदीच्या काठापेक्षा खाली घ्या, म्हणजे चार तास पाणी तिथे थांबेल. बाकड्यांचं नंतर बघू.

बर्डीवाला

ताई, तुमच्या घरात आलं तेच पाणी माझ्या दुकानाच्या तळघरात होतं. दिवाळीचा माल भरून ठेवला होता. सगळा चिखलात. सरकारने दुकानदाराला 50 हजारांपर्यंत मदत जाहीर केली, पण तेवढ्यात माझे नुसते रॅकसुद्धा होत नाहीत.

म्हणून विचारतो, जागा आणणार कुठून? पंचशील चौकापासून सीताबर्डीपर्यंत नदीच्या दोन्ही काठांना दुकानं, दवाखाने, इमारती खेटून आहेत. त्यांचे नकाशे मंजूर आहेत, कर भरलेले आहेत. त्यांना हलवायला वीस वर्षं लागतील, तोवर दर सप्टेंबरात आम्ही रात्रभर जागायचं का? भिंत दोन वर्षांत होते. आणि काठाने लोक फिरायला लागले तर नदीत कचरा टाकणाऱ्याला कोणीतरी टोकेल. आज आपण तिला नाग नाला म्हणतो, कारण तिच्याकडे सगळ्यांनी पाठ केली आहे. साबरमतीचा काठ बघून आलो आहे मी. आपल्या नागपुरात तसं काऊन होऊ नये?

निवृत्त अभियंता

साबरमतीत जे पाणी दिसतं ते नर्मदेच्या कालव्यातून येतं. आपल्या नदीत उन्हाळ्यात सांडपाणीच वाहतं. काठ सुंदर केला तरी तिथे नाक दाबूनच फिरावं लागेल.

आता पुराचा हिशेब. एक चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख घनमीटर, दहा कोटी लिटर पाणी. सगळीकडे डांबर, टाइल्स आणि सिमेंटचे रस्ते. त्यातलं 80 टक्के पाणी चार तासांत वाहून आलं असं धरलं, तर सेकंदाला साडेपाच घनमीटर होतं. हे फक्त एका चौरस किलोमीटरचं. वर तलाव भरलेला. आंबाझरी 1870 सालचा, त्याच्या सांडव्याला दरवाजे नव्हते. तलाव तुडुंब झाला की येईल तेवढं पाणी खाली जाणार, कोणी रोखू शकत नाही.

दोन भिंतींमधून पाणी वेगाने जातं, म्हणून भिंत बांधलेला भाग वाचतो. पण तो वेग पुढच्या वस्तीच्या माथी बसतो. बर्डीला भिंत बांधाल तर अशोक चौक आणि जगनाडे चौकात काय होईल, ते आधी काढा. तरीही ताईंशी मी पूर्ण सहमत नाही. बर्डीत खरोखर जागा नाही, तिथे भिंत लागेलच. पुलाखालची मोरी मोठी करावी लागेल, तळाचा गाळ दरवर्षी काढावा लागेल. पाणी थांबवायचं ते वर, आंबाझरी ते शंकरनगर पट्ट्यात. बर्डीत येऊन पोचल्यावर उशीर झालेला असतो.

पुलाखालच्या वस्तीतला

तुम्ही सगळे वरच्या अंगाचे बोलून राहिले. मी पूर्व नागपुरातला, नदीला लागून आमची वस्ती. बाप हमालीला आला तेव्हापासूनची. त्या रात्री दोनशे पावलांवर पाणी होतं, आम्ही लेकरं घेऊन रस्त्यावर उभे.

"नदीला जागा द्या" हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो. जागा कोणाची जाईल, हे आम्हाले ठाऊक आहे. पुण्यात 2019 मध्ये आंबिल ओढ्याला पूर आला. 2021 च्या जूनमध्ये, भर पावसाळ्यात, ओढ्याकाठच्या गरिबांच्या घरांवर बुलडोझर आले. मोठ्या सोसायट्यांची कंपाउंडं किती हलली? इथेही तेच होईल. जागेच्या मालकी पट्ट्यासाठी आम्ही किती वर्षं खेटे घातले. आता नकाशावर रेघ मारून म्हणाल की तुम्ही पूररेषेत आहात, निघा.

आंबाझरीची शेजारीण

दादा, तुमचं म्हणणं मला लागलं. मी जागा म्हणाले तेव्हा डोळ्यांसमोर आमच्याकडची मैदानं होती, तुमची वस्ती नव्हती. ते मी लिहायला हवं होतं.

पण रेषेवरच नीट बोलू या. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या रेषा बंगल्यातूनही जातात आणि झोपडीतूनही. माझी मागणी अशी, की पहिला हातोडा सार्वजनिक बांधकामावर पडावा, दुसरा आमच्यासारख्या ले-आऊटच्या कंपाउंडांवर. आमच्या गल्लीची मागची भिंत नदीच्या हद्दीत निघाली तर मी स्वतः पाडू देईन, घरातही हे बोलून झालं आहे. वस्तीला हात लावायचा तर आधी दोन किलोमीटरच्या आत पक्कं घर, मग स्थलांतर. पावसाळ्यात तर मुळीच नाही.

बर्डीवाला

तुम्ही पाडू द्याल. तुमचे शेजारी? पहिल्याच नोटिशीला स्थगिती आणतील. मी विरोधासाठी विरोध करून नाही राहिलो. तीन पिढ्यांचं दुकान आहे. अभियंतासाहेब म्हणाले की बर्डीत भिंत लागेल, तर ती तरी आधी बांधा. वरची मैदानं होतील तेव्हा होतील.

निवृत्त अभियंता

इथेच मी अडतो. आधी भिंत म्हणजे आधी खालच्यांना पूर. क्रम उलटा हवा. सांडव्याचं काम, वरची साठवण, पुलांच्या मोऱ्या आणि मग भिंत. हे महिन्या-वर्षांचं अंतर आहे, वीस वर्षांचं नाही. मोकळी सार्वजनिक मैदानं खोल करायला कोणाचं घर पाडावं लागत नाही, फक्त पोकलेन लागतं.

भांडेवाडीच्या वाऱ्यात राहणारी

एक गल्लत सगळे करत आहेत. नाग नदीसाठी सुमारे 1,927 कोटींचा प्रकल्प मंजूर आहे, म्हणून पुराचं काम होणारच असं लोक धरून चालतात. तो प्रदूषण नियंत्रणाचा प्रकल्प आहे: मलवाहिन्या आणि सांडपाणी शुद्धीकरण. तो व्हायलाच हवा, कारण ही नदी पुढे पिवळी नदीला, कन्हानला आणि शेवटी वैनगंगेला मिळते. आपली घाण गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाते, भंडाऱ्याची माणसं ती सोसतात. पण त्याने 23 सप्टेंबरसारखी रात्र टळणार नाही. पुराचा पैसा वेगळा, आराखडा वेगळा. मात्र खोदकाम दोन्हींचं एकाच काठावर होणार. मलवाहिनी टाकताना पात्रात चेंबर उभे केले तर पुन्हा नदी आवळली जाईल. त्यावर कोणी बोलतच नाही.

पुलाखालच्या वस्तीतला

ताई, तुमच्या मागच्या भिंतीचं वाचलं. असं बोलणारं पहिल्यांदा कोणी भेटलं. पण माझा भरोसा कागदावर नाही बसत. माझं एवढंच म्हणणं आहे: काम सुरू व्हायच्या आधी दोन्ही पूररेषा रंगाने खांबांवर मारा. आंबाझरीच्या सांडव्यापासून पारडीच्या पुलापर्यंत, बंगल्याच्या फाटकावर आणि आमच्या पत्र्यावर, सारख्याच रंगात. ज्याच्या त्याच्या दारात त्याला दिसू द्या. मग बसू बोलायला, मी वस्तीतले पन्नास लोक घेऊन येतो.

आंबाझरीची शेजारीण

आमच्या फाटकापासून सुरुवात करा. त्या रात्रीचा चिखलाचा डाग आम्ही पुसलेला नाही, जमिनीपासून तीन फूट दोन इंच. निळी रेषा त्याच्या वर येते की खाली, ते मला बघायचं आहे.