मदत हवी आहे: गिराटिना बॉलमध्ये टिकतच नाही (पोकेमॉन डायमंड)

निशाचर:
नमस्कार मंडळी. २००६ सालचा पोकेमॉन डायमंड (निन्टेन्डो डीएसवरचा, पोकेमॉन लढून बॉलमध्ये पकडायचा गेम) पुन्हा खेळायला घेतलाय. टर्नबॅक केव्हमधल्या त्या एकसारख्या खोल्या पालथ्या घालून, तीन खांब शोधून गिराटिना या दुर्मिळ पोकेमॉनसमोर उभा आहे. लेव्हल ७०. समोरच सेव्ह केलंय, त्यामुळे तो पडला किंवा बॉल संपले तरी पुन्हा सुरू करता येतं. पण आता रिसेट मारायचाही कंटाळा आलाय.

सध्या एचपीची (उरलेला जीव दाखवणारी) पट्टी लाल होईपर्यंत मारतो आणि मग अल्ट्रा बॉल फेकत बसतो. एका वेळी तीसेक बॉल घेऊन जातो. सगळे म्हणतात फॉल्स स्वाइप ही मूव्ह (हल्ला) वापर, १ एचपी ठेवून थांबतं. वापरलं, त्याला लागतच नाही. बॉल कधी लगेच फुटतो, कधी एकदा हलून, आणि मधूनच तीनदा हलून फुटतो. तीनदा हलला म्हणजे आता येणारच, असं काही असतं का? चुलतभाऊ म्हणतो, बॉल मिटताना ए बटण दाबून धरायचं.

मास्टर बॉल (हमखास पकडणारा) आहे, पण मेस्प्रिट पळून जातो म्हणून त्याच्यासाठी ठेवलाय. तेवढं उत्तर सोडून बाकी काहीही चालेल.

अर्धाकच्चा:
मास्टर बॉल मार. 😄

आकडेमोड:
@अर्धाकच्चा, वाटलंच होतं.

निशाचर, आधी बटणाचा विषय संपवू. ए दाबा, बी दाबा, डीएस उलटा धरा, काही फरक पडत नाही. पकडला गेला की नाही हे बटण बघून ठरत नाही.

आता हिशोब. प्रत्येक पोकेमॉनचा कॅच रेट ठरलेला असतो. कॅटरपीचा २५५, पिकाचूचा १९०, स्नोरलॅक्सचा २५. गिराटिनाचा फक्त ३. हा आकडा बॉलच्या पटीने गुणायचा (अल्ट्रा २), मग स्टेटसच्या पटीने (झोप किंवा फ्रीझ असेल तर २, पॅरालिसिस, पॉइझन, बर्न असेल तर १.५), आणि शेवटी एचपीचा भाग. पट्टी पूर्ण भरलेली असेल तर एकतृतीयांशच धरतात, १ एचपी उरला असेल तर जवळपास पूर्ण. उत्तराला २५५ ने भागलं की शक्यता मिळते. हे डायमंड आणि त्याच्या पिढीतल्या गेम्सचं झालं, पुढच्या गेम्समध्ये हिशोब बदललाय.

पूर्ण एचपी आणि अल्ट्रा बॉल: सुमारे ०.८ टक्के. लाल पट्टी, स्टेटस काही नाही, म्हणजे तुम्ही आत्ता जे करताय ते: सुमारे २ टक्के. म्हणजे तीस बॉल घेऊन गेलात तरी निम्म्याहून जास्त वेळा रिकाम्या हाताने परत. तुमचं नशीब वाईट वगैरे काही नाही, आकडेच तसे आहेत.

आणि ज्याच्यामागे सगळे धावतात त्या १ एचपीचं माझं मत ऐका. अर्धी पट्टी असताना एचपीच्या हिशोबातले ६७ टक्के मिळालेले असतात, पट्टी नुकतीच लाल झाली की ८७ टक्के. तिथून १ एचपीपर्यंत नेऊन थोडंच वाढतं. फॉल्स स्वाइपचा खरा फायदा एवढाच की चुकून पोकेमॉन पडत नाही. स्टेटस मात्र एका फटक्यात दुप्पट करतं, आणि तुम्ही तेच लावत नाही आहात.

पिंपळपान:
फॉल्स स्वाइप लागत नाही कारण ती नॉर्मल प्रकारची मूव्ह आहे आणि गिराटिना घोस्ट-ड्रॅगन प्रकारचा, घोस्टला नॉर्मल लागत नाही. पण आधी फोरसाइट मारलं तर घोस्टवरही नॉर्मल मूव्ह लागतात. त्यासाठी नॉक्टाउल घ्या. फोरसाइट आणि हिप्नोसिस (झोपवणारी मूव्ह) दोन्ही त्याच्याकडे असतात, आणि नॉर्मल-फ्लाइंग असल्यामुळे गिराटिनाच्या घोस्ट मूव्ह त्याला लागतच नाहीत. ग्राउंडच्याही नाहीत. ड्रॅगन मूव्हपासून तेवढं जपा. फोरसाइट मारून झालं की फॉल्स स्वाइपवाला बाहेर काढा.

एवढा खटाटोप नको असेल तर नाइट शेड. मारणाऱ्याची जेवढी लेव्हल तेवढंच एचपी जातं, त्यामुळे आधीच मोजून मारता येतं. हाँटरकडे नाइट शेड आणि हिप्नोसिस दोन्ही असतं, पण गिराटिनाच्या एका घोस्ट मूव्हमध्ये तो आडवा होईल.

निशाचर:
नॉक्टाउल आहे माझ्याकडे! नुसता उडायला ठेवला होता. 😅 पण हिप्नोसिस चुकतं फार. थंडर वेव्हने पॅरालाइज करून ठेवलं तर? आणि पॉइझन?

पिंपळपान:
पॉइझन आणि बर्न अजिबात नको, दर टर्नला एचपी जातं आणि लाल पट्टीवर आणलेला पोकेमॉन तुमच्या डोळ्यांदेखत पडतो. हिप्नोसिसबद्दल मात्र तुम्ही नशीबवान आहात. डायमंड-पर्लमध्ये त्याची अचूकता ७० आहे, प्लॅटिनममध्ये परत ६० केली.

आकडेमोड:
थंडर वेव्ह गिराटिनाला लागते, आणि पॅरालिसिस आपोआप उतरत नाही. झोप काही टर्ननी उतरते, मग पुन्हा हिप्नोसिस, तेही चुकलं की अजून एक टर्न वाया. बॉल भरपूर असतील आणि डोक्याला ताप नको असेल तर पॅरालिसिस. बॉल मोजके असतील तर झोप. मी झोपच घेईन, कारण झोपलेला पोकेमॉन उलटून मारत नाही.

(अवांतर: गोल्ड-सिल्व्हरमध्ये कोडमधल्या बगमुळे पॅरालिसिस, पॉइझन आणि बर्नचा पकडताना काहीच उपयोग व्हायचा नाही. त्या काळचे सल्ले वाचून गोंधळू नका.)

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे अल्ट्रा बॉल सोडा. तुम्ही गुहेत आहात, तिथे डस्क बॉल ३.५ पट चालतो, दिवस असो की रात्र. १ एचपी, झोप आणि डस्क बॉल मिळून ८.२ टक्के होतात. झोपेऐवजी पॅरालिसिस असेल तर ६.२. ८.२ च्या हिशोबाने ३० बॉलमध्ये एकदा तरी पकडला जाण्याची शक्यता ९२ टक्क्यांच्या आसपास जाते.

तीनदा हलण्याचं राहिलंच. बॉल फेकला की आतमध्ये सारख्याच शक्यतेच्या चार तपासण्या होतात. चारही पार पडल्या तर पकडला, मधे कुठे अडलं की फुटला. वरच्या ८.२ टक्क्यांत एकेक तपासणी पार होण्याची शक्यता ५४ टक्के येते, म्हणजे जवळजवळ नाणेफेक. तीन छापे पडले म्हणून चौथा छापाच पडेल असं नसतं. तीनदा हलून फुटणं सुमारे ७ टक्के वेळा होतं, पकडला जाणं ८ टक्के. म्हणून तो प्रकार इतका दिसतो आणि इतका छळतो. पुढच्या बॉलशी त्याचा काही संबंध नाही.

अर्धाकच्चा:
आता गंभीरपणे. पहिल्या टर्नला एक क्विक बॉल फेकून बघायला काय जातंय? ४ पट असतो.

आकडेमोड:
+१. पूर्ण एचपीवर १.६ टक्के, पूर्ण एचपीवरच्या अल्ट्राच्या दुप्पट. लागला तर लागला.

निशाचर:
सगळ्यांचे खूप आभार. एक शेवटचं. टायमर बॉल दहा टर्ननंतर ४ पट होतो असं वाचलंय. मग डस्कपेक्षा तोच बरा ना?

आकडेमोड:
दहा टर्नचा हिशोब नंतरच्या गेम्समधला. डायमंडमध्ये तो दर टर्नला ०.१ ने चढतो, म्हणजे ४ पटीला ३० टर्न लागतात आणि २५ व्या टर्नपर्यंत डस्कची बरोबरीही होत नाही. तोवर गिराटिना अधूनमधून जागा होऊन स्वतःचे पीपी (मूव्ह किती वेळा मारता येते तो आकडा) खर्च करत राहणार. सगळे संपले की तो स्ट्रगल मारतो, आणि लाल पट्टीवर स्ट्रगलचा उलटा मार बसला की स्वतःच पडतो. सुरुवातीपासून डस्क फेका. लढाई खूपच लांबली तर टायमर काढा, तेही तो झोपेत असताना.