नागपुरात घरची खोली पाहुण्यांना देताना: तुमचे अनुभव सांगा

प्रतापनगरची काकू

आमच्या घराचा वरचा मजला २०२१पासून रिकामा होता. मुलगी बंगळुरूला, मुलगा पुण्याला. भाडेकरू ठेवला तर दिवाळीत पोरांना खोली नाही आणि बंद ठेवला तर पावसाळाभर भिंतींना ओल. म्हणून २०२२च्या डिसेंबरात वरच्या दोन खोल्या एअरबीएनबी या बुकिंगच्या ॲपवर टाकल्या. येतील ते वाघ पाहणारेच, असं आम्ही दोघांनी धरून ठेवलं होतं. पेंच जवळ, ताडोबाला जाणारेही इथेच उतरतात, आणि विमानतळ आमच्यापासून पंधरा मिनिटांवर. बांबूच्या खुर्च्या घेतल्या, भिंतीवर जंगलाची चित्रं लावली.

पहिलं बुकिंग आलं यवतमाळहून. आईला जामठ्याच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये दाखवायला मुलगा घेऊन आला होता. आजींना जिना चढवेना, त्याने त्यांना पाठीवर घेऊन वर आणलं. संडास कमोडचा होता, पण धरून उठायला दांडा नव्हता. रात्री नऊला तो खाली आला. म्हणाला, "काकू, आई बाहेरचं काहीच खाऊन नाही राहिली. थोडी मऊ खिचडी टाकली असती, गॅस मिळेल का?" वरच्या स्वयंपाकघराला मी कुलूप लावलं होतं, फिरायला आलेल्यांना त्याचं काय काम म्हणून. त्या रात्री काढलेलं कुलूप परत लावलं नाही.

आता माझ्या वहीत सर्वांत जास्त नावं दवाखान्यासाठी आलेल्यांची आहेत. त्यानंतर लग्नाचे वऱ्हाडी, परीक्षेला आलेली पोरं, हायकोर्टाच्या खंडपीठात तारीख असलेले अमरावती-चंद्रपूरकडचे लोक. वाघवाले वर्षातून मोजके. आपल्या गल्लीत कोण, कशासाठी उतरतं हे आधी पाहिलं असतं तर खुर्च्यांचे पैसे दांड्याला आणि चांगल्या गाद्यांना गेले असते. नवीन सुरू करणारे बरेच जण मला हेच विचारतात, म्हणून म्हटलं सगळ्यांनीच लिहावं. चांगलं-वाईट दोन्ही लिहा.

धंतोलीकर

काकू, तुमचं वाचून माझंच वाटलं. माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, आणि खाली उतरलं की चारी बाजूंनी दवाखाने. माझी अडचण वेगळी होती. पेशंटचे नातेवाईक तीन दिवसांचं बुकिंग करतात आणि चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणतात, अजून दोन दिवस ठेवू. तिकडे माझा पुढचा पाहुणा बल्लारशाहून गाडीत बसलेला असतो. सुरुवातीला दोनदा असं झालं आणि दोन्ही वेळा मी कोणाला तरी नाही म्हटलं. एकदा ज्यांना काढावं लागलं त्यांचा मुलगा आयसीयूत होता. ते मला अजून खुपतं.

मग रामदासपेठेत खोल्या देणाऱ्या दोघांना जाऊन भेटलो. आता आम्ही तिघं एकमेकांचे पाहुणे सांभाळतो. दवाखान्याच्या बुकिंगनंतर मी दोन दिवस रिकामे सोडतो. रोजचे १४०० घेतो, सहाव्या दिवसापासून ९००. वर्षाच्या हिशोबात तोटा होत नाही, कारण अकरा दिवस राहणाऱ्यामागे चादरी एकदा-दोनदाच बदलाव्या लागतात आणि बाईचा खेपेचा पगारही वाचतो.

नवीन लोकांना एक सांगतो. पलंगामागे चादर-उशांच्या खोळींचे तीन जोड घ्या: एक गादीवर, एक धोब्याकडे, एक कपाटात. पावसाळ्यात चौथाही लागतो.

मनीषनगर बी विंग

मी चुकलो ते सोसायटीशी न बोलता. फ्लॅट माझा, कर मी भरतो, मग कोणाला काय विचारायचं, असं वाटलं. तिसऱ्याच आठवड्यात ३१ डिसेंबर आला. चार पोरांनी बुकिंग केलं, आले अठरा. पत्ते सगळे नागपूरचेच. रात्री दीडला खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी फोन केला, त्यांचा आवाज थरथरत होता. मी बेलतरोडीहून पोचेपर्यंत लिफ्टमध्ये बाटली फुटलेली होती.

सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी फ्लॅटवर कोणालाही सोडू नका म्हणून वॉचमनला सांगितलं. ते रास्तच होतं. चार महिने फ्लॅट बंद राहिला. मग मी सर्वसाधारण सभेत उभा राहून माफी मागितली आणि लेखी परवानगी मागितली. अटी अशा ठरल्या: नागपूरच्या पत्त्याचं ओळखपत्र असेल तर बुकिंग नाही, चारपेक्षा जास्त माणसं नाहीत, प्रत्येकाची नोंद वॉचमनच्या वहीत. त्या आजोबांचा नंबर आता माझ्या मोबाईलमध्ये सगळ्यात वर आहे. पाहुणे आले की मीच त्यांना आधी कळवतो.

वाळ्याची ताटी

मे महिन्याबद्दल लिहा कोणीतरी! पारा ४५च्या वर जातो तेव्हा मुंबईचा पाहुणा विचारतो, एसी आहे ना? मी एक खोली एसीची ठेवली, दुसरीत मोठा कूलर, दर वर्षी एप्रिलच्या आत नवीन ताट्या. कूलरच्या खोलीचे फोटो टाकताना कूलर स्पष्ट दाखवते आणि दर तीनशेने कमी ठेवते, म्हणजे आल्यावर कुरबूर होत नाही. टाकी भरायचं काम पाहुण्यावर सोडू नका. पंप कोरडा चालला की जळतो. माझे दोन जळले.

लक्ष्मीनगर, दीक्षाभूमीजवळ

दसऱ्याच्या आठवड्यात आम्ही बुकिंगचं कॅलेंडर बंद ठेवतो. त्यामागचं कारण मनापासून सांगावंसं वाटतं.

१४ ऑक्टोबर १९५६ला, त्या वर्षीच्या दसऱ्याला, माझे आजोबा भंडाऱ्याकडून पायी आले होते, अंगावर आजीने धुतलेलं पांढरं धोतर-सदरा. बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्या गर्दीत ते होते. आदल्या रात्री कोणा अनोळखी माणसाने आपल्या पडवीत त्यांना जागा दिली, लोटाभर पाणी दिलं. त्या माणसाचं नाव आजोबांना विचारायचं राहून गेलं आणि ते शेवटपर्यंत त्याची आठवण काढत.

म्हणून आमच्या तीनही खोल्या, गच्ची आणि गाडी ठेवायची जागा त्या दिवसांत येणाऱ्यांसाठी. लातूर, परभणी, नांदेडकडून बायाबापड्या येतात, डोक्यावर बोचकं, परतताना त्यात पुस्तकं. मोबाईल चार्ज करायला मी ओसरीत दहा पॉइंटची पट्टी लावून दिली आहे. दोन संडास कमी पडतात म्हणून दोन भाड्याने आणतो. गेल्या वर्षी परभणीच्या एका ताईंनी निघताना ओसरी धुऊन दिली, मी नको म्हणत असताना.

बाकी वर्षभर आमच्या खोल्या रीतसर भाड्यानेच आहेत आणि घर त्यावर चालतं. पण ते चार दिवस पैशाचे नाहीत.

जामठा रोड

ताई, तुमच्यासमोर मान झुकते. माझं मत दुसऱ्या दिवसांबद्दल आहे. ६ फेब्रुवारी २०२५ला जामठ्याला भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना झाला तेव्हा मी दर दुप्पट केला. त्यात मला चूक वाटत नाही. मे-जूनमध्ये माझी खोली महिनामहिना रिकामी असते, वीजबिल आणि हप्ता थांबत नाही. सामना पाहायला येणारा हौसेने येतो, त्याला परवडतं. मात्र त्याच आठवड्यात एम्समध्ये तपासणीला आलेलं एक जोडपं होतं, त्यांना जुनाच दर लावला. विचारलं की कळतं कोण कशासाठी आलंय. म्हणून बुकिंग आलं की मी आधी फोन करतो.

हिवाळी अधिवेशनातही तसंच. साहेब हॉटेलात आणि ड्रायव्हर डिसेंबरच्या थंडीत गाडीत झोपतो. मी हॉलमध्ये चार खाटा टाकल्या, ब्लँकेट आणि गरम पाणी, माणशी २५०. पहिल्या वर्षी दोघं आले. पुढच्या वर्षी खाटा आधीच सांगून ठेवलेल्या.

सिव्हिल लाइन्सवाली

माझ्याकडे परदेशी पाहुणे येतात, काही सफारीचे, काही कामठीचं ड्रॅगन पॅलेस बघायला आलेले. पहिले पाहुणे जपानी दांपत्य. परदेशी माणूस घरी उतरला की २४ तासांच्या आत त्याच्या पासपोर्ट-व्हिसाची माहिती सरकारी पोर्टलवर भरावी लागते, 'फॉर्म सी' म्हणत तेव्हा त्याला, हे मला ते दारात उभे असताना कळलं. खोली एकच असली तरी भरावाच लागतो. त्यासाठीचं खातं आधी मंजूर व्हावं लागतं, तासाभरात होत नाही. त्यांना मी चहा दिला, सगळं खरं सांगितलं आणि स्वतः हॉटेलात सोडून आले. खातं मिळाल्यावरच परदेशी बुकिंग पुन्हा घेतलं. कृपा करून हे सुरुवातीलाच करून घ्या.

सफारीचे पाहुणे पहाटे साडेतीनला निघतात. तेव्हा कोणी तर्रीपोहे खात नाही. रात्रीच पराठे बांधून देते. पावसाळ्यात कोअर जंगल बंद असतं, ते तीन महिने रंगरंगोटीचे.

अंबाझरी लेआउट

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते लिहिते. २३ सप्टेंबर २०२३ची पहाट. रात्रीत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि आमच्या गल्लीत पाणी शिरलं. तळमजल्यावर अकोल्याचे आई, वडील आणि सहा वर्षांची मुलगी होती. मी वरून हाका मारतेय आणि दार आतून ढकललं जात नाहीये, कारण बाहेर कंबरभर पाणी. शेवटी मागच्या खिडकीची जाळी ह्यांनी सब्बलीने उचकटली आणि मुलीला आधी वर घेतलं. दुपारी बोटीतून बाहेर निघालो.

फ्रिज, गाद्या, वॉशिंग मशीन सगळं गेलं. विमा होता. पाहणीला आलेल्याने विचारलं, इथे पैसे घेऊन पाहुणे ठेवता का? पॉलिसी राहत्या घराची होती, पाहुण्यांचं त्यात काही नव्हतं. तळमजल्याच्या सामानाचा दावा नाकारला गेला. तुम्ही पॉलिसी घेताना खोली पाहुण्यांना देता हे लेखी कळवा, हप्ता थोडा वाढला तरी चालेल. आणि तळमजल्याच्या एका खिडकीला बाहेर उघडणारी, कुलूप नसलेली जाळी बसवा. ती मुलगी आता आठ वर्षांची आहे, राखीपौर्णिमेला माझ्या मुलाला फोन करते.

हिशोबनीस

थोडक्यात कागदांचं. राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे न्याहारी-निवास म्हणून नोंदणी करा. बायकांच्या नावावर व्यवसाय असेल तर 'आई' या महिलांसाठीच्या पर्यटन धोरणाची चौकशी जरूर करा, कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, ॲपवरच्या बुकिंगचा जीएसटी ॲपवालेच भरतात. पण ही कमाई आयकर विवरणपत्रात दाखवायचीच. पाहुण्याच्या आधारची प्रत घेताना आधीचे आठ अंक झाकलेली मागा.

बेसा, नवीन

सगळं वाचलं. आमचं घर दुमजली आहे, एम्स जवळ. सासूबाई, मी आणि माझे मिस्टर खाली राहतो. वरचा मजला द्यायचा विचार आहे. काकू, आधी काय करू?

प्रतापनगरची काकू

सासूबाईंना जिना चढवत असेल आणि त्यांची ना नसेल, तर तुम्ही वर जा आणि खालचा मजला द्या. पाणी साचणारी गल्ली नाही ना, ते शेजाऱ्यांना विचारून घ्या. संडासात दोन्ही बाजूंना दांडे, न्हाणीत न घसरणारी फरशी, एक प्लास्टिकची भक्कम खुर्ची. स्वयंपाकघरात कुकर, तवा, दोन पातेली, मीठ-हळद-तिखट. मग फोटो काढा. रविवारी मी मेट्रोने खापरीपर्यंत येते, तिथून कोणी न्यायला या. घर बघून सांगते.